डावखुऱ्याचा पहिला गोल्फ सेट: संभाजीनगरात बसून काय आणि कसं निवडावं?

खामनदी
नमस्कार मंडळी. गोल्फ शिकायला सुरुवात करायलोय, पहिला सेट घ्यायचाय. लिहितो डाव्या हाताने, क्रिकेटमध्ये बॅटिंगही डावीच. वय ३४, उंची ५ फूट ८ इंच. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "उजव्याचा आत्ता घेऊन जा, डाव्याचा मागवावा लागेल." खेळणारे ओळखीचे लोकही म्हणायलेत की शून्यापासूनच शिकायचंय, तर उजव्यानेच शीक. महिन्यातून एखादा रविवार पुण्याला खेळणं होईल, बाकी सराव घरी गच्चीवर जाळी लावून. तर उजव्याने शिकावं का? किती क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) घ्यावेत? आणि वापरलेला सेट मिळाला तर डावखुऱ्याने वेगळं काय तपासावं?

गोदाकाठ
दादा, दुकानात काय पडून आहे त्यावरून आपली बाजू ठरवू नका. सेट चार वर्षांनी बदलता येतो, अंगात बसलेला स्विंग (क्लब फिरवायची पद्धत) सहजासहजी बदलत नाही.

लिहायचा हात इथे फारसा कामाचा नाही. क्लब दोन्ही हातांनी धरायचा असतो, म्हणून बॅटिंगची बाजू जास्त खरं सांगते. सौरव गांगुली बॅटिंग डावी करायचा, बोलिंग उजव्या हाताने. अमेरिकन गोल्फर फिल मिकलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो, पण लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून आरशात बघितल्यासारखी नक्कल केली आणि गोल्फमध्ये डावा झाला. कॅनडाच्या माइक वीयरने तर पोरवयात दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसला पत्र लिहून तुमचाच प्रश्न विचारला होता, उजव्याकडे वळू का म्हणून. निकलॉसने कळवलं, नैसर्गिक स्विंग आहे तोच ठेव. हाच वीयर २००३ मध्ये मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला डावा खेळाडू ठरला.

ज्यांना खात्री नाही त्यांनी घरातच तपासावं. लांब दांड्याचा खराटा, कुऱ्हाड आणि फावडं, तिन्ही विचार न करता उचलून चालवून बघा. खालचा हात तिन्ही वेळा डावा आला तर गोल्फही डावाच. लिहिता डाव्याने पण बॅट उजवी धरता, असे लोक मात्र खुशाल उजवा सेट घेऊ शकतात, त्यांचे पैसे आणि वणवण दोन्ही वाचतील. तुमची बॅटिंग डावी आहे, म्हणजे तुमचा प्रश्न मिटलेला आहे.

ग्रिपवाला
गोदाकाठ यांच्याशी सहमत. आता सेटचं बोलू.

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. नवशिक्याला त्यातले सात पुरतात: ५-वूड (लॉफ्ट १८ अंश), ५-हायब्रिड (२४ ते २६), ७-आयर्न, ९-आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (५४ किंवा ५६) आणि पटर. वूड आणि हायब्रिड लांब फटक्यांना, आयर्न मधल्या अंतराला, वेज जवळच्या उंच फटक्यांना, पटर चेंडू भोकाकडे घरंगळवायला. लॉफ्ट म्हणजे चेंडू जिथे लागतो त्या चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मुद्दाम गाळलाय. सगळ्यात लांब शाफ्ट (दांडा), पटर सोडला तर सगळ्यात कमी लॉफ्ट, म्हणजे चूक सगळ्यात मोठी होऊन दिसते. ७-आयर्नने दहातले सहा-सात चेंडू हवेत सरळ जायला लागले की मग ड्रायव्हर, आणि तोही १०.५ अंशांच्या खालचा नको.

आयर्न घेताना मागे पोकळी असलेले, रुंद तळाचे, ज्यांना गेम इम्प्रूव्हमेंट म्हणतात ते घ्या. वजन कडेला पसरलेलं असल्याने चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं कमी पिळतं. पातळ पात्याचे ब्लेड दिसायला देखणे, पण पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या नादी लागू नका.

शाफ्टचं असं आहे: ग्रॅफाइट साधारण ५० ते ७० ग्रॅम, स्टील ९० ते १३०. तुमच्या वयाला आणि उंचीला आयर्नमध्ये हलकं स्टील किंवा ग्रॅफाइट, दोन्ही चालेल. फ्लेक्स, म्हणजे शाफ्टची लवचिकता, रेग्युलर. फक्त लक्षात ठेवा, 'आर' किंवा 'एस' या अक्षरांचं सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ लागू शकतो. मारून बघणं हाच इलाज.

लांबीसाठी एक माप घ्या. बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कोणाला टेप धरायला सांगा. ३३ ते ३६ इंच आलं तर कंपनीची नेहमीची लांबी चालते, ७-आयर्न ३७ इंचांच्या आसपास असतं.

मांजराकाठ
वापरलेल्या सेटबद्दल मी लिहितो, कारण डावे लोक फसतात ते इथेच.

पहिलं, तो क्लब खरोखर डावा आहे का? डोकं समोर जमिनीवर टेकवा, टोक (शाफ्टपासून दूरची बाजू) तुमच्यापासून लांब. चेहरा उजवीकडे बघत असेल तर डाव्याचा, डावीकडे बघत असेल तर उजव्याचा. फोटोवरून ठरवताना तळावरचा आकडा आणि कंपनीचं नाव सरळ वाचता येतंय का ते आधी बघा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून काढलेला फोटो उलटा येऊ शकतो, त्यात उजवा क्लब डावा दिसतो. अक्षरं उलटी दिसली की दुसरा फोटो मागवा.

दुसरं, डाव्यांचा माल कमी असतो म्हणून दोन-तीन सेटमधले तुकडे जमवून एक सेट विकला जातो. आयर्न ओळीने भिंतीला टेकवून उभे करा. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये साधारण अर्ध्या इंचाचा फरक हवा. ७ आणि ८ एकाच उंचीचे किंवा ८ आणि ९ मध्ये इंचभर फरक दिसला तर काहीतरी मिसळलंय किंवा शाफ्ट कापलाय. कापलेला शाफ्ट ताठ होतो आणि डोकं हलकं वाटतं.

मग एकेक क्लब हातात घ्या. डोकं कानाजवळ धरून हलवा, आत खडखड नको. डोकं आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथली काळी प्लास्टिकची अंगठी वर सरकलेली, खाली फट दिसत असेल तर आतला चिकटा सुटत आला असण्याची शक्यता आहे. स्टील शाफ्ट काचेच्या टेबलावर लोळवा, वाकडा असेल तर लगेच उड्या मारतो. ग्रॅफाइटवरून कापूस फिरवा, धागे अडकले की तिथे चीर किंवा सोललेलं आहे, तो क्लब नकोच. ड्रायव्हर टायटॅनियमचा म्हणून विकत असतील तर चेहऱ्याला चुंबक लावून बघा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही.

ग्रिप कडक झालेली असेल तर त्यासाठी सेट नाकारू नका, भाव कमी करून घ्या. साध्या गोल ग्रिपला डावं-उजवं नसतं.

ग्रिपवाला
ग्रिपच्या जाडीबद्दल जोडतो. डाव्या खेळाडूचा वरचा हात उजवा. त्या हाताने क्लब धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या बुडाला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतली तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहिली तर जाड. बदलायची असेल तर जुनी ग्रिप कापताना ग्रॅफाइट शाफ्टवर पातं खोल जाऊ देऊ नका. दुहेरी चिकटपट्टी लावा, ग्रिपमध्ये सॉल्व्हंट ओतून घुसळा, तेच पट्टीवर ओता आणि एका दमात सरकवा. अर्ध्यात थांबलात तर ग्रिप तिथेच अडकते. रात्रभर सुकू द्या.

कंधारी
पुण्याला येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स किंवा बावधनकडचं ऑक्सफर्ड, कुठेही जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून डावा सेट भाड्याने आहे का आणि किती क्लबचा, एवढं विचाराच. इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि भाड्याचे सेट बहुतेक उजवेच असतात. नवं घ्यायचं तर डिकॅथलॉनच्या इनेसिस या गोल्फ ब्रँडमध्ये सुटे क्लब मिळतात. डावा पर्याय त्या वेळी साठ्यात आहे का ते साइटवर बघून मगच दुकान गाठा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, जीएसटी आणि लांब खोक्याचं कुरियर धरून हिशोब करा. स्वस्त दिसलेला सेट बऱ्याचदा इथल्याच भावाला येऊन बसतो.

माझा मुद्दा सँड वेजचा. कोणी काही म्हणो, आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. वेजच्या तळाला जो फुगवटा असतो त्याला बाउन्स म्हणतात. १२ ते १४ अंश बाउन्सचा वेज मऊ वाळूत आणि ओल्या गवतात छान सरकतो, पण टणक मुरमावर तोच तळ उसळतो, पुढची धार चेंडूच्या कमरेवर बसते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट निघून जातो. फार कमी, ४-५ अंशांचा घेतला तर पावसाळ्यात काळ्या रानात धार रुतून ढेकूळच उचलते. म्हणून ५४ किंवा ५६ चा, ८ ते १० अंश बाउन्सचा घ्या. आकडा बहुधा लॉफ्टच्या शेजारी कोरलेला असतो, '५६-१०' असा.

आणि उघड्या मुरमावर सराव नको. बेसॉल्टचा एक खडा तळाखाली आला की ओरखडा कायमचा. गच्चीवरही नुसत्या काँक्रीटवर पातळ मॅट टाकू नका, प्रत्येक फटक्याचा हादरा मनगटात आणि कोपरात जातो. खाली इंचभर जाड रबर, वर टर्फ (कृत्रिम गवत).

परभणीची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी ११ वर्षांची, तीही डावखुरी. मोठ्यांचा डावा सेट कापून देता येईल का?

मांजराकाठ
नको ताई. कापलेला मोठा क्लब लहान मुलाला जड आणि ताठ पडतो, मग मूल तो अंगाने ओढायला लागतं आणि सवय बिघडते. मुलांचे सेट वयावर नाही, उंचीवर घ्यायचे. यूएस किड्स गोल्फचे डावे सेट असतात, दर तीन इंच उंचीला एक माप. तिची उंची बूट घालून मोजा. दोन मापांच्या मध्ये आली तर लहान माप घ्या, "वाढेल की" म्हणून मोठं नको. सुरुवातीला तीन-चार क्लब आणि पटर पुष्कळ झाले.

खामनदी
सगळ्यांचे मनापासून आभार. माप घेतलं, मनगट ते जमीन ३४ इंच. एक वापरलेला डावा सेट बघून आलोय: ५-वूड, ५-हायब्रिड, ६ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, पटर. भिंतीची परीक्षा पास, अर्ध्या-अर्ध्या इंचाने उतरतात. विक्रेत्याने सांगितलं ७-आयर्न २९ अंश, पिचिंग वेज ४३. वर तो एक टू-वे चिपर (जवळचे छोटे फटके मारायचा क्लब) फुकट देतोय, दोन्ही बाजूंनी मारता येणारा. हातमोजाही घेऊन ठेवलाय, पाकिटावर 'लेफ्ट हँड' छापलंय, मध्यम-मोठं माप. शिवाय व्हिडिओ बघायलोय, पण सगळे उजव्यांचे. घेऊ का सेट?

गोदाकाठ
व्हिडिओचं सोपं आहे. कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये फ्लिप करा, समोर डावा खेळाडू उभा राहतो. फक्त बोलणं उलटं होत नाही, म्हणून कानाला सवय लावा: 'डावा हात' ऐकलं की 'पुढचा हात', 'उजवा' ऐकलं की 'मागचा हात'. पुढचा म्हणजे लक्ष्याकडचा, तुमचा उजवा. चेंडूच्या दिशाही तशाच. उजव्याचा स्लाइस (हवेत बाहेर वळत जाणारा फटका) उजवीकडे वळतो, तुमचा डावीकडे वळेल. हे नीट बसलं नाही तर दुरुस्ती नेमकी उलटी होते आणि दोष वाढतो.

ग्रिपवाला
सेट घ्या, पण लॉफ्टचे आकडे समजून घ्या. २९ अंशांचं ७-आयर्न म्हणजे नव्या धाटणीचं, जुन्या सेटमध्ये तेच ३४ च्या आसपास असायचं. म्हणून पिचिंग वेजही ४३ वर आलाय. तुम्ही ५६ चा सँड वेज घेतलात तर मध्ये १३ अंशांची खिंड राहते, म्हणजे ऐंशी-नव्वद मीटरच्या आतबाहेर कुठला क्लब काढावा तेच कळणार नाही. त्यामुळे वेज दोन घ्या, ४९ किंवा ५० चा एक आणि ५५-५६ चा एक. दोन्ही डावे एकदम मिळाले नाहीत तर आधी ५० चा.

लाय अँगल, म्हणजे क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, घरीच तपासा. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती क्लबच्या चेहऱ्याकडे करून मारा. रेघ चेहऱ्यावर उमटते. सरळ उभी उमटली तर उत्तम. वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, तुमचे चेंडू उजवीकडे निघतील. टाचेकडे (शाफ्टकडच्या बाजूला) झुकलं तर जास्त आडवा, चेंडू डावीकडे. एकच फटका बघून ठरवू नका, दहा मारा. अंश-दोन अंश वाकवून मिळतं, पण ज्याच्याकडे नेणार त्याला त्याच्या मशीनमध्ये डावं डोकं बसतं का हे आधीच विचारा.

मांजराकाठ
चिपर ठेवू नका. दोन चेहऱ्यांची मुभा फक्त पटरला आहे, तीही दोन्ही चेहरे सारखे असतील तर. दोन चेहऱ्यांचा चिपर नियमात बसत नाही, स्पर्धेत पिशवीतून काढावाच लागेल. ७-आयर्न थोडं खाली धरून पटरसारखं ढकलायला शिका, तेच काम होतं. उलट डावा पटर कुठे मिळत नसेल त्यांच्यासाठी दोन चेहऱ्यांचा पटर ही चांगली सोय आहे.

सेट आणल्यावर एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर बेचाळीस अंश असताना बंद डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. डोकं ज्या इपॉक्सीने बसवलेलं असतं ती उष्णतेने मऊ होते, कारागीर डोकं काढायला तिथे उष्णताच देतात. ग्रिपही वाळून गुळगुळीत होते. घरात, भिंतीला उभा.

कंधारी
आणि तो हातमोजा परत करा. पाकिटावरचं 'लेफ्ट हँड' म्हणजे डाव्या हातात घालायचा, तो उजव्या खेळाडूंचा असतो. तुमचा वरचा हात उजवा, मोजा त्यात घालायचा, म्हणून पाकिटावर 'राइट हँड' हवं. घालून मूठ आवळा. तळव्यावर सुरकुती पडली तर सैल आहे, मनगटाची पट्टी शेवटपर्यंत जाऊन चिकटत असेल तरी सैलच. घामाने आणि वापराने कातडं पसरतं, म्हणून नवा असताना घट्ट बसणाराच घ्या. बोटांच्या टोकाला जागा उरत असेल पण तळवा बरोबर असेल तर कॅडेट माप मागा, त्यात बोटं आखूड असतात.

खामनदी
मोजा उद्याच बदलून आणतो. चिपर नको म्हणून सांगितलं, त्याच्या बदल्यात तो दोन ग्रिप द्यायला तयार झालाय. सेट शनिवारी आणायलोय, वेज ५० आणि ५६-१० शोधायला लागलो. रेघेच्या दहा फटक्यांचा फोटो इथेच टाकतो, पुढच्या कॅमेऱ्याने न काढता.