पुढच्या ॲक्सलमधील ढिलाई नेमकी कुठे आहे?
ट्रॅक्टरची पुढची चाके थरथरतात म्हणून थेट बेअरिंग बदलावे, हा सल्ला मला घाईचा वाटतो. ॲक्सल जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळा देऊन चाक वर-खाली हलवून पाहावे. केवळ हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) हलत असेल तर बेअरिंग सैल आहे, परंतु स्टब ॲक्सलही (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) सोबत हलत असेल तर किंगपिनचे, म्हणजे चाक वळते त्या उभ्या पिनचे, बुश (पिनभोवतीची नळी) झिजले आहे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात, केळीच्या ओल्या काळ्या मातीत राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या सेंटर पिनकडे (पुढचा ॲक्सल मधोमध ज्यावर झुलतो ती पिन) सहसा दुर्लक्षच होते (माझेही झाले होते, आणि बुशबरोबर पिनही बदलावी लागली). ॲक्सल उचललेला असतानाच, जुने चिखलमिश्रित ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत पंप मारावा, म्हणजे दाबाच्या बाजूलाही ग्रीस पोहोचते.