मेलबर्नची मतमोजणी : लेकीचं मत वाया गेलं की नाही?

लष्करची काकू, ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. माझी लेक मेलबर्नला असते, तिकडची नागरिक झाली आहे. 26 नोव्हेंबर 2022 ला व्हिक्टोरिया राज्याच्या निवडणुकीत तिने पहिल्यांदा मत दिलं. तिथले संध्याकाळचे 6 म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. जेवणं उरकून मी वहीत रकाने आखले आणि मोबाइल घेऊन बसले. 2018 ला ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल 121 मतांनी लागला, तेव्हाही अशीच फेरीफेरीचे आकडे लिहीत बसले होते.

पण इथे काही उमजेना. लेकीने ज्याला 1 नंबर दिला तो चौथा. मी फोनवर म्हटलं, "अगं, मत वाया घालवलंस." ती चिडलीच. "आई, माझं मत अजून जिवंत आहे!" आणि फोन ठेवला. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. येत्या 28 नोव्हेंबरला परत निवडणूक आहे, या वेळी नीट समजून बघायचंय. कुठला रकाना खरा मानायचा? आणि जागा 88 असताना तेव्हा 87 चंच चित्र का दिसत होतं?

मूळचा इंदूरचा, आता मेलबर्न
काकू, लेक बरोबर बोलली. इथे कागदाच्या मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यावे लागतात. समजा 100 मतं आहेत : अ 41, ब 33, क 17, ड 9. कुणीच निम्म्याच्या वर नाही, म्हणून ड बाद. त्याचे 9 कागद उचलून ज्यावर 2 नंबर ज्याला, त्याच्या गठ्ठ्यात टाकायचे. समजा 6 क ला, 2 ब ला, 1 अ ला. आता अ 42, ब 35, क 23. मग क बाद. त्याच्या 23 पैकी 17 ब कडे गेले आणि 6 अ कडे, तर ब 52, अ 48. सुरुवातीपासून पुढे असलेला अ हरला. तुमच्या लेकीचा कागद असाच एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात जात राहतो, फेकला जात नाही.

तुम्ही बघाल तो रकाना 'टू कँडिडेट प्रेफर्ड'. शेवटी कोणते दोघे उरतील याचा अंदाज आयोग आधीच बांधतो, आणि पहिल्या पसंतीची मोजणी झाली की त्याच रात्री तेच कागद त्या दोघांत वाटून पुन्हा मोजतात. अंदाज चुकला तर ते वाटप नव्याने करावं लागतं.

रात्रीच्या पहिल्या आकड्यांवर जीव टांगू नका. खेड्यातली छोटी केंद्रं लवकर मोजून होतात. आगाऊ मतदानाची केंद्रं मोठी, त्यांचे आकडे उशिरा येतात. 2022 ला पोस्टाची मतं तर पुढच्या शुक्रवारपर्यंत घेतली होती.

87 चं कारण : नॅरॅकन मतदारसंघात एका उमेदवाराचं मतदानाच्या तोंडावर निधन झालं, म्हणून तिथलं मतदान 28 जानेवारी 2023 ला झालं.

मुरारचे गुरुजी
पंचायत निवडणुकीत माझी ड्यूटी लागायची. आपल्याकडेही गावात मतदान संपलं की तिथेच पेटी उघडून मोजतात. पंचाची पांढरी मतपत्रिका, सरपंचाची निळी, जनपदची (तालुका पातळीच्या पंचायतीची) पिवळी, जिल्ह्याची गुलाबी. एकेक उलगडून रंगाप्रमाणे वेगळी करायची. घडी घालताना शाई ओली असली की दुसऱ्या चिन्हावरही ठसा उमटतो. शिक्क्यावरचे बाण एकाच दिशेला फिरतात, उमटलेला ठसा मात्र उलटा दिसतो. त्यावरून खरा ओळखायचा. एजंट मानेवरून वाकून बघत असतात तेव्हा हे शांतपणे करणं सोपं नाही. तिकडे शिक्क्याऐवजी हाताने लिहिलेले आकडे, 1 की 7 तेही बघायचं, आणि तोच गठ्ठा दोनदा. त्या मोजणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार.

जुनी कात्रणं
हे आपल्याला परकं नाही. राष्ट्रपती असेच निवडतात. 1969 ला पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींची मतं 4,01,515, संजीव रेड्डींची 3,13,548, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, 1,12,769. जिंकायला हवी होती 4,18,169. बाकीच्यांचे दुसऱ्या पसंतीचे कागद वाटल्यावर गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. जवळजवळ 88 हजारांचं अंतर साडेचौदा हजारांवर आलं. देशमुखांना मत देणाऱ्यांचं मत वाया गेलं, असं म्हणवेल का?

लष्करची काकू, ग्वाल्हेर
नाही म्हणवणार. चार वर्षं मी उगाच लेकीला चुकीचं ठरवून बसले होते. आत्ताच तिला फोन करून तसं सांगितलं. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, 28 ला व्हिडिओ कॉल लावूनच बसू."

वहीत रकाने परत आखलेत. मेलबर्नकर, पोस्टाच्या मतांसाठी शुक्रवारपर्यंतची पानं कोरी ठेवलीत.