स्टीअरिंगच्या जोडातील जाम बोल्ट

जुन्या जीपच्या स्टीअरिंग दांड्याच्या खालच्या जोडातील बोल्ट पाना लावूनही हलत नसेल, तर थेट गॅसने लाल होईपर्यंत तापवावा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात गाडीखाली थापली जाते आणि आतल्या बाजूने कित्येक दिवस ओलावा धरून राहते, त्यामुळे असे बोल्ट बाहेरून ठीक दिसले तरी आट्यांत पूर्ण गंजलेले असतात.

जालन्यात माझ्या जीपचा असाच बोल्ट काढताना मी आधी तारेच्या ब्रशने माती खरवडली, गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन सहा कोनी सॉकेटने प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने जोर दिला. ‘कट्’ असा आवाज आल्यावर पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा तेल. यात तासभर गेला. (बारा कोनी पान्याने डोके घासून गोल होते, हे आधीच्या बोल्टवर शिकलो होतो.)

अनेक गाड्यांत हा बोल्ट दांड्यावरील खाचेतून जातो, म्हणून तो नुसता सैल करून जोड निघत नाही. पूर्ण बाहेर काढावा लागतो. त्याआधी चाके सरळ ठेवून दांडा व जोड यांवर एक सलग खूण करावी. उष्णता द्यावीच लागली, तर ती बोल्टभोवतीच्या कानाला, म्हणजे जोडाच्या ज्या भागातून बोल्ट जातो त्याला, बेताने द्यावी. लाल झालेला जोड मात्र पुन्हा बसवू नये. नवा बोल्ट मूळ मापाचा आणि मूळ ग्रेडचाच, म्हणजे तेवढ्याच ताकदीचा, घ्यावा.