शेजारच्या मुलाबद्दल कळवावं का?

शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा आहे, आईबाप सकाळी कुलूप लावून जातात ते रात्रीच येतात, तो दिवसभर खिडकीचे गज धरून उभा असतो, परवा दंडावर काळेनिळे वळ दिसले, विचारलं तर म्हणाला पडलो, पण पडल्यावर बोटांसारखे वळ उठतात का? आपलाच गैरसमज असेल तर उगाच कुणाच्या संसारात माती कालवायची, असंही वाटतं. झोप उडालीय.

– कळवा. पुरावा शोधणं तुमचं काम नाही, संशय पुरेसा आहे. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइन मदत क्रमांकाला, फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, नाव नाही सांगितलं तरी चालतं. आणि कळवलं म्हणजे मूल लगेच उचलून नेतात असं नाही हो, आधी चौकशी होते, गरज पडली तरच प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे जातं.

– फक्त आईबापाला आधी जाब विचारू नका, राग त्या पोरावर निघेल. काय दिसलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. त्याला खोदून विचारू नका, आपणहून बोलला तर ऐका.

– मी एकदा असंच गप्प बसले होते, ते कुटुंब घर सोडून गेलं, त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. प्लीज थांबू नका.

– लावतेय फोन, आत्ताच.