दोन्ही किल्ल्या हरवल्या. नवी किल्ली दार उघडते, पण गाडी बंद पडते

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी माझ्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या एकदमच हरवल्या, कारण त्या एकाच कडीत अडकवलेल्या होत्या. एका किल्ल्या बनवणाऱ्याने घरी येऊन दाराच्या कुलपावरून नवी किल्ली कापून दिली. ती दाराला नीट लागते, इग्निशनमध्येही फिरते. इंजिन सुरू होते, पण दोन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा एक लहान दिवा भराभर लुकलुकू लागतो. किल्ली बरोबर आहे, दोष गाडीत आहे, असे सांगून ते गृहस्थ पैसे घेऊन गेले.

गाडी बारा वर्षांची आहे आणि किल्ली फिरवून सुरू करायची आहे. हरवलेल्या किल्ल्यांवर दार उघडण्याची बटणे होती. गाडी टो करून डीलरकडे न्यावी की दुसऱ्या लॉकस्मिथला बोलवावे? ऑनलाइन मिळणारी जुनी किल्ली चालेल का? आणि हरवलेल्या किल्ल्या कोणाच्या हाती लागल्या असतील, ही धास्ती तर आहेच. कृपया कोणी मार्ग सुचवावा.

---

ताई, नमस्कार.

तुमच्या वर्णनावरून गाडीत दोष नाही, हे मी बऱ्याच खात्रीने सांगतो. किल्ली मिळणे म्हणजे दोन वेगळी कामे असतात: पाते कापणे आणि गाडीला त्या किल्लीची ओळख करून देणे. तुमचे पहिले काम झाले आहे, दुसरे झालेलेच नाही.

किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काचेची किंवा कार्बनची एक चिप असते. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते, ते साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी चिपला तेवढ्यापुरती वीज पुरवते आणि चिप उत्तर देते. उत्तर ओळखीचे नसेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, इंजिन चालू देत नाही. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत तुमच्यासारखे इंजिन पेट घेऊन लगेच विझते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे, कॅनडात २००७ पासून. त्यामुळे बारा वर्षांच्या गाडीत तो असण्यात नवल काही नाही, आणि लुकलुकणारा दिवा त्याचाच आहे. नव्या किल्लीत एकतर चिपच नाही, किंवा आहे पण गाडीला ती माहीत नाही. त्या गृहस्थांना फोन करून एवढाच प्रश्न विचारा की मुठीत चिप घातली आहे का. गाडी सुरू करून देण्याचे ठरले होते, तर काम अर्धेच झाले आहे, हेही त्यांना स्पष्ट सांगा.

एक चालू किल्ली हाताशी असती तर नवी नोंदवणे बऱ्याच गाड्यांत सोपे असते. सगळ्याच गेल्या की स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करण्याच्या जोडणीला) यंत्र जोडून गाडीच्या संगणकाशी बोलावे लागते, सुरक्षा कोड द्यावा लागतो, आणि काही गाड्या मध्येच कित्येक मिनिटे थांबायला लावतात. हे काम डीलर करतोच, पण वाहनांच्या किल्ल्यांचेच काम करणारा लॉकस्मिथ तुमच्या दारात येऊन करू शकतो, म्हणजे टो करण्याचा खर्च वाचतो. मी तुमच्या जागी असतो तर आधी त्यालाच बोलावले असते. मात्र फोनवरच मॉडेल आणि साल सांगून 'सगळ्या किल्ल्या हरवल्या आहेत' हे शब्द उच्चारा, कारण सुटी जादा किल्ली बनवणे आणि हे काम यांत फार फरक आहे. गाडी चालू करून दाखवल्यावरच पैसे, हेही आधी ठरवा. नोंदणीची कागदपत्रे आणि ओळखपत्र तयार ठेवा. जो ते न मागता काम करायला तयार होतो, त्याला मी गाडीला हात लावू देणार नाही.

लॉकस्मिथने चासी नंबर विचारला तर: तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि बहुधा समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून दिसतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे जे ओ वाटेल ते शून्य समजून सांगा.

धास्तीबद्दल: नवी किल्ली नोंदवतानाच हरवलेल्या किल्ल्या गाडीच्या स्मृतीतून पुसायला सांगा. मग त्या कोणाला सापडल्या तरी इंजिन चालणार नाही. दार मात्र पात्याने उघडेल, कारण कुलूप तेच आहे. तेही नको असेल तर कुलूप बदलावे लागेल. तोवर गाडीत काही ठेवू नका.

---

नमस्कार.

काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. ऑनलाइन मिळणाऱ्या जुन्या किल्लीच्या मोहात पडू नका. पुष्कळ चिपा एकदा एका गाडीशी जोडल्या गेल्या की दुसरी गाडी त्या स्वीकारत नाही, आणि हे पैसे गेल्यावरच कळते. शिवाय गाडी काही दिवस उभी असेल तर तिची बॅटरी उतरलेली असू शकते. किल्लीची नोंदणी चालू असताना व्होल्टेज खाली गेले तर काम अर्धवट राहते, क्वचित संगणकालाही इजा होते, म्हणून चार्जर लावूनच सुरुवात करायला सांगावे.

विम्यात किल्ली हरवण्याची भरपाई आहे का, हे पॉलिसीत पाहावे.

---

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार.

पहिल्या गृहस्थांनी फोनवर कबूल केले की मुठीत चिप नव्हती, आणि निम्मे पैसे परत दिले. काल दुसरे लॉकस्मिथ आले. त्यांनी कागदपत्रे पाहिली, बॅटरीला चार्जर लावला आणि यंत्र जोडले. पडद्यावर नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या 'दोन' दिसत होती. त्या दोन्ही पुसल्यावर 'शून्य' झाली. ते 'शून्य' पाहून मला जो धीर आला तो शब्दांत सांगता येणार नाही. मग दोन नव्या किल्ल्या एकेक करून नोंदवल्या. दिवा लुकलुकायचा थांबला, क्षणभर स्थिर राहिला आणि विझला. दोन्ही किल्ल्यांनी इंजिन पाच-पाच मिनिटे चालवून पाहिले.

दार उघडण्याची बटणे तेव्हाही चालेनात. त्यांचा भाग चिपहून वेगळा असतो आणि तो वेगळा शिकवावा लागतो, असे सांगून त्यांनी तेही करून दिले. निघताना त्यांनी किल्लीचा कोड कागदावर लिहून दिला. तो मी घरच्या कागदपत्रांत ठेवला आहे, आणि दुसरी किल्ली आजच मैत्रिणीच्या घरी नेऊन दिली.