हेडफोन ‘उघडायला’ दोनशे तास लागतात? (३२ हजार गेलेत, खरं सांगा)

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

मंडळी, सहा दिवसांपूर्वी सेनहायझरचा एचडी ६०० घेतला. ३२ हजार गेले. घरात अठरा सांगितलेत, त्यामुळे ओळखीचं कोणी इथं असेल तर जिभेवर ताबा ठेवा.

डबा उघडला, कानाला लावला आणि तोंडच उतरलं. आवाज स्वच्छ आहे, पण बेस कुठाय? माझे दीड हजाराचे इअरफोन याहून दणकून वाजतात. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “साहेब, नवा माल आहे, अजून बंद आहे. दोनशे तास वाजवा, उघडेल. मग बोला.” म्हणून पिंक नॉइजची (पाणी पडल्यासारखा एकसारखा सूंऽऽ आवाज) फाइल लावली, हेडफोन गोधडीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. रात्री दीडला आई उठली. “नळ कुठंतरी चालू राहिलाय, बघ जरा.” मी मोरीपर्यंत जाऊन नळ बघितल्याचं नाटक करून आलो.

चाळीसेक तास झालेत. आज जरा बरा वाजतोय. का मीच तसं वाटून घेतोय, कळेना. तर प्रश्न दोन. हे बर्न-इन प्रकरण खरं आहे का? आणि खोटं असेल तर मी ३२ हजार दिले कशाचे?

उद्यमनगरचा_फिटर:

पहिला प्रश्न सोपा हाय. बारा वर्षं इंजिनं खोलतोय म्हणून सांगतो. नव्या इंजिनाला रनिंग-इन लागतं कारण आत घासतं. पिस्टनच्या रिंगा लायनरला बसेपर्यंत पहिल्या ऑईलमध्ये बारीक चकचकीत कीस येतो, बोटावर घेऊन दाखवतो तुला. आता हेडफोनात काय घासतंय ते सांग. चुंबकाच्या फटीत कॉईल, कॉईलला चिकटवलेला पातळ पडदा. कॉईल कशालाच टेकत न्हाई. टेकली तर खरखर येती, आणि त्याला रनिंग-इन म्हणत न्हाईत, फॉल्ट म्हणत्यात.

दुसरं. माल परत करायची मुदत किती दिवस हाय?

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

दहा.

उद्यमनगरचा_फिटर:

बघ मग. रोज तीन तास ऐकलास तर दोनशे तासाला सदुसष्ट दिवस लागत्यात. मुदत दहा. आता अजून इस्कटून सांगू काय?

गणपतीचा_डॉल्बी:

फिटरसाहेब, एवढी घाई नको. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्या कोल्हापुरात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. त्या नावाच्या कंपनीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.)

घासत नाही म्हणून काहीच बदलत नाही असं कसं? नवा अठरा इंची वूफर हातानं दाबून बघा, मग एक सीझन वाजलेला दाबून बघा. नवा ताठ लागतो. कॉईलला मधोमध धरून ठेवणारी नालीदार कापडाची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. ते कापड रेझिनमध्ये भिजवून कडक केलेलं असतं. सुरुवातीला जोरात वाजलं की ते मोकळं होतं आणि वूफरची स्वतःची कंपनसंख्या काही हर्ट्झनं खाली उतरते. हे मोजता येतं. पेटीचं डिझाइन करणारे म्हणूनच नवा वूफर आधी वाजवून घेतात आणि मग आकडे काढतात. म्हणजे सैल होणं ही काही अंधश्रद्धा नव्हं.

धागाकर्त्याला एक विचारतो. फोनला लावतोयस का ॲम्पला, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या डबीला? हा ३०० ओहमचा आहे, नुसत्या फोनला जड जातो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

ॲम्प आहे, छोटा. (तो घरात ‘चार्जर’ म्हणून नोंदवलाय.)

उद्यमनगरचा_फिटर:

वूफरचं मान्य. पण तो स्पायडर हेडफोनात असतोय का?

गणपतीचा_डॉल्बी:

बहुतेक हेडफोनांत नसतो. पडदा आणि त्याची कड सहसा एकाच फिल्मची. पण कड तरी वाकतेच की.

उद्यमनगरचा_फिटर:

किती वाकती? तुझा वूफर डोळ्याला दिसंल एवढा पुढं-मागं होतो, शेकडो वॅट पितो. ह्याला रोजच्या ऐकण्याला एक मिलिवॅटबी लागत न्हाई. पंचगंगेचा पूर आणि तांब्यातलं पाणी, म्हटलं तर दोन्ही पाणीच.

कानसेन_शाहूपुरी:

वाचून करमणूक झाली. ज्यांनी पाच हजारांच्या वरचं काही कानाला लावलेलं नाही तेच या विषयावर सगळ्यात जास्त बोलतात. माझी जोडणी सव्वा लाखाची आहे: प्लॅनर हेडफोन (ज्यात कॉईलऐवजी सपाट पडद्यावरच तारा छापलेल्या असतात), वेगळा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा डबा), वेगळा ॲम्प. पहिल्या आठवड्यात वरचे स्वर टोचायचे. अठराव्या दिवशी, दीडशेएक तास झाले असतील, ते मऊ झाले. मी स्वतः ऐकलंय. मोजता आलं नाही म्हणून एखादी गोष्ट नसतेच का? आंबा पिकला की नाही हे तुम्ही मीटर लावून बघता?

गंगावेस_दूधकट्टा:

३२ हजारांत दीड-दोन वर्षं रोज रात्री कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला झाला असता. तोही बर्न-इन न करता. चालू द्या.

मिरजेची_जवारी:

कानसेनदादा, अठराव्या दिवशी तुम्हाला स्वर मऊ लागले हे मी खरंच मानते. मला विचारायचंय ते एवढंच, की त्या अठरा दिवसांत बदललं कोण?

धागाकर्ते, एक करून बघा. आठवडाभर फक्त नवा हेडफोन ऐका, दुसरं काही कानाला लावू नका. मग तुमचे ते दणकून वाजणारे इअरफोन लावा. कोणीतरी घागरीत तोंड घालून गातंय असं वाटेल. आता त्यांना तर कोणी गोधडीत गुंडाळून कपाटात कोंडलं नव्हतं. मग ते कसे बदलले?

‘वाद्य वाजून वाजून उघडतं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, गाणं शिकते म्हणून. आमच्या तानपुऱ्याचंच बघा. तार घोडीवर घासून घासून खाच पडते, आवाज बसतो आणि कारागिराकडं जाऊन जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा परत घासून नीट करून, घ्यावी लागते. म्हणजे वाजवून बदल होतो, पण तो चांगलाच होईल असं कुठं लिहून ठेवलंय? बर्न-इनच्या गोष्टींत मात्र हेडफोन दर वेळी सुधारतोच. ‘दोनशे तास वाजवला आणि पार बिघडला’ असं सांगणारा एक तरी माणूस कुणाला भेटलाय का?

कानसेन_शाहूपुरी:

कारण डिझाइन करतानाच ते गृहीत धरलेलं असतं. सैल झाल्यावर जसा वाजायला हवा तसा तो बनवतात.

मिरजेची_जवारी:

म्हणजे कारखान्यानं अर्धा माल विकायचा आणि उरलेला गिऱ्हाइकाच्या कपाटात शिजू द्यायचा! आणि तुमचा हेडफोन प्लॅनर आहे ना? मग त्यात तो स्पायडरही नाही आणि डॉल्बीदादा म्हणतात तशी कॉईलही नाही. तरी तास तेवढेच लागले?

पायताण_महाद्वार_रोड:

आमचा चपलांचा धंदा, म्हणून दोन शब्द. नवं पायताण चावतं. गिऱ्हाईक आठ दिवसांत तोंड वाकडं करून येतं. आम्ही सांगतो, तेल द्या, रोज थोडा वेळ घाला, बसेल. आणि ते खरंच बसतं, चामडं पायाच्या आकारानं दबतं. पण तेवढ्या दिवसांत पायालाही घट्टा पडलेला असतो. ते आम्ही सांगत नाही, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

माझ्याकडं हाच हेडफोन तीन वर्षं आहे. ह्यात चामड्यासारखं दबणारं काही असेल तर त्या कानावरच्या गाद्या. नव्याचा चिमटा एवढा घट्ट की तासाभरात कानशिलं दुखायची. मी रात्री तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचो. गाद्या दबल्या की कान पडद्याच्या जवळ येतो आणि आवाज बदलतो, हे अगदी खरं. मागच्या वर्षी नव्या गाद्या घातल्या आणि परत पहिल्या दिवसासारखा वाजायला लागला. पडदा तोच, तीन वर्षं वाजलेला. आता ते ‘उघडणं’ कुठं गेलं?

आणि तुझ्या आईला नळ ऐकू आला कारण हा मागून उघडा असतो, निम्मा आवाज खोलीला ऐकवतो. दणका कमी लागतो त्यातही ह्या उघड्या बनावटीचा हात आहे. दोनशे काय, दोन हजार तास वाजवलास तरी ती पाठ बंद होणार नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

आठव्या दिवसाचा अहवाल. माझ्या मित्रानं त्याच ऑफरमध्ये हाच हेडफोन घेतलाय आणि त्याचा अजून डब्यात होता. माझा साठेक तास वाजलेला. काल रात्री आमच्या माडीवर परीक्षा घेतली. डॉल्बीदादा स्वतः मीटर घेऊन आले आणि दोन्हींचा आवाज जुळवून दिला. म्हणाले, किंचित मोठा असेल तोच माणसाला चांगला वाटतो, हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. पंखा बंद, डोळ्यांवर टॉवेल, हात मांडीखाली. डॉल्बीदादा नाणं उडवून ठरवायचे आणि हेडफोन डोक्यावर ठेवायचे. तानपुऱ्याचा एक तुकडा, ढोलकीचा एक. आठ फेऱ्या झाल्यावर गाद्यांची अदलाबदल, नाहीतर गादीच्या मऊपणावरूनच ओळखता आलं असतं. प्रत्येकी सोळा फेऱ्या.

मला नऊ ओळखता आले. मित्राला अकरा. चौथ्या फेरीपर्यंत मी छातीठोक सांगत होतो. त्यानंतर नुसता घाम.

कानसेन_शाहूपुरी:

अकरा! सोळापैकी अकरा म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के. आता काय म्हणणं आहे?

विद्यापीठ_रोड:

म्हणणं असं की नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी सोळात अकरा किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता साधारण दहात एक असते. बारा आले असते तर ती चार टक्क्यांपर्यंत उतरली असती, तेव्हा कान टवकारले असते. शिवाय दोघांची परीक्षा घेतली आणि आपण त्यातला जास्तीचा आकडा उचलून धरतोय.

पण फिटरसाहेबांनीही लगेच पेढे वाटू नयेत. सोळा फेऱ्यांत बारीक फरक सहज निसटतो. नऊ आले म्हणजे फरक शून्य, असं होत नाही. आणि बारा आले असते तरी ते बर्न-इनमुळेच, असंही म्हणता आलं नसतं. एकाच मॉडेलचे दोन नग मुळातच थोडे वेगळे वाजतात. हेडफोन डोक्यावर काही मिलिमीटर सरकला तरी वरच्या स्वरांचे आकडे बदलतात. आजचा आवाज तीन आठवड्यांनी आठवून ‘आता मऊ झाला’ म्हणणं तर त्याहून कच्चं, कारण आवाजाची नेमकी छाप मनात काही सेकंदच टिकते.

आता दुसऱ्या, ३२ हजारांच्या प्रश्नाबद्दल. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे स्वर किती जोरात वाजतात त्याचा आलेख) आणि किंमत यांचा काही संबंध त्याला सापडला नाही. किंमत बघून आवाज ओळखायला जाऊ नये, एवढं त्यातून घ्या.

कानसेन_शाहूपुरी:

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजेच आवाज, हे तुमचं गृहीतक. असो. मला माझे सव्वा लाख गेल्याचं दुःख नाही.

मिरजेची_जवारी:

आणि नसावंच, दादा. आवडतंय तर ऐका की. माझा राग फक्त ‘थांबा, उघडेल’ या सांगण्यावर आहे. ज्याला वस्तू आवडली नाही त्याला ते मुदत संपेपर्यंत दारात उभं ठेवतं.

३२ हजारांबद्दल मात्र मी फिटरदादांच्या बाजूची नाही. हे मॉडेल १९९७ चं. अजून विकलं जातं. गादी झिजली तर गादी मिळते, वायर तुटली तर वायर मिळते. दर दोन वर्षांनी इअरफोन फेकणाऱ्याला हा हिशेब कळायला वेळ लागतो. बेस हवा असेल तर इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची सोय) फुकट आहे, खालच्या स्वरांना तीन-चार डेसिबल द्या आणि झोपा. मी ह्यावर गायिका केसरबाई केरकरांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची मुद्रणं ऐकते, तीन-सव्वातीन मिनिटांची. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादियाखाँची ही शिष्या. आधी तबकडीची खरखर अगदी कानाजवळ येते, मग बाईंचा ‘आ’कार लागतो आणि मागं पेटी कुठं आहे, तानपुरा कुठं आहे ते वेगवेगळं कळतं. स्वस्तातल्यावर मला ते सगळं एका गाठोड्यात ऐकू यायचं. एखाद्याला ती खरखरच नको असेल, तर त्याला हे पैसे पाण्यात गेले असंच वाटणार.

उद्यमनगरचा_फिटर:

ताई, मोजून बोललात. मी पैशाबद्दल काय बोललोच न्हाई, माझं भांडण कपाटाशी होतं.

ते राहू दे. भावा, उद्या धाव्वा दिवस. ठेवतोस का परत देतोस?

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

खरं सांगायचं तर परवापर्यंत परत द्यायचं पक्कं होतं. जवारीताईंनी सांगितल्यासारखं काल जुने इअरफोन लावून बघितले. घागर नाही, पण माठ नक्कीच. इक्वलायझरही लावला, ढोलकीची थाप आता छातीत नाही पण कानात तरी नीट पडते. तरीही ३२ हजार म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून शेवटी परत द्यायला काय काय लागतं ते वाचलं.

बिल आहे. गाद्या स्वच्छ आहेत. मूळ डबा लागतो. मित्राचा मागितला, पण त्यावर नंबर वेगळा. माझा आईनं परवाच रद्दीवाल्याला दिलाय. वर मला विचारते, “अठरा हजाराच्या वस्तूला एवढा दांडगा पुठ्ठा कशाला लागतोय रे?”