मदत हवी आहे: दूध तोडल्यावर डुकराच्या पिल्लांना हगवण, झिंक ऑक्साइड कशासोबत द्यावं?

लार्ज व्हाइट यॉर्कशायरची पिल्लं 28 व्या दिवशी तोडतो. त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पाण्यासारखी पिवळी हगवण लागते. तपासणीत ई. कोलाय जिवाणू निघाला. 100 किलो खाद्यात मका 58.5, सोयापेंड 32, मासळी कुटी 5, कॅल्साइट (चुनखडीची पूड) 2, मिनरल मिक्श्चर 2, मीठ 0.5. झिंक ऑक्साइड, मोरचूद (कॉपर सल्फेट), फॉर्मिक ॲसिड आणि लॅक्टोबॅसिलस (प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणू) एकत्र चालतील का?

प्रतिसाद १
एकत्र नको. झिंकच्या मोठ्या मात्रेत लॅक्टोबॅसिलसही कमी होतात, म्हणजे प्रोबायोटिकचे पैसे वाया. शिवाय झिंक ऑक्साइड आम्ल खातं, मग फॉर्मिक ॲसिड त्यातच खर्ची पडतं.

आधी कॅल्साइट काढा. मिनरल मिक्श्चरमध्ये 24% कॅल्शियम असेल, तर ते आणि मासळी कुटी मिळून गरज जवळपास भागते. कॅल्साइटमुळे कॅल्शियम दीड टक्क्यावर गेलंय. या वयात जठरात आम्ल मुळातच कमी तयार होतं. चुनखडीने तेही मरतं आणि ई. कोलाय जिवंत लहान आतड्यात उतरतो. तुमच्या खाद्यात प्रथिनं 22% आहेत. न पचलेली मोठ्या आतड्यात कुजतात, अमोनिया होतो. सोयापेंड 24 आणि मका 68.5 करा. वरून अमिनो आम्लं घाला: लायसीन 400 ग्रॅम, मेथिओनिन आणि थ्रिओनिन प्रत्येकी 150, ट्रिप्टोफॅन 30. हे चुकवलंत तर वाढ खुंटेल.

धागाकर्ता
मग झिंक द्यायचंच नाही?

प्रतिसाद २
द्यायचंच असेल तर 72% झिंक असलेलं ऑक्साइड 100 किलोला 350 ग्रॅम, म्हणजे खाद्यात साधारण 2500 पीपीएम (दर दहा लाख भागांत 2500 भाग) झिंक. फक्त 14 दिवस. त्या काळात मोरचूद आणि ॲसिड बंद. आधी 5 किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग बाकीच्यात. थेट टाकलं तर एकाच जागी साचतं. दिलेलं झिंक बहुतेक सगळं शेणातून बाहेर पडतं आणि शेतात साठतं. झिंक-तांब्याला दाद न देणारे जिवाणू अनेकदा प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत, कारण ती जनुकं जोडीने फिरतात. युरोपीय संघाने जून 2022 पासून ही औषधी मात्रा बंद केली, ती याच काळजीने.

म्हणून माझं मत आधी प्रतिसाद १ प्रमाणे खाद्य बदला, सोबत बेंझोइक ॲसिड 100 किलोला 500 ग्रॅम. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊ घाला. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वाटेला जाऊ नका. भारतात 2019 पासून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी आहे. हगवण लागलेल्या पिल्लांना ओआरएसचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा.